सोळावा आवाज

"एक!" मी खिंडीच्या तोंडाशी उभी राहून ओरडले.

मागून "दोन" आलं, मग "तीन", मग "चार". पुढचे आकडे धुक्यातून वर चढत आले. कुणाचा दमलेला, कुणाचा सर्दीनं बसलेला, कुणी मुद्दाम कोंबड्यासारखा लांबवलेला. सगळ्यात शेवटी, पार वळणाच्या खालून, दिगंबर हासेचा खर्जातला "सोळाऽ" आला आणि त्याच्या पाठोपाठ थट्टाही आली.

"हत्ती गेला आन् शेपूट राहिलं! कडलगबाई, शेपटाला सोडून जाऊ नका हो!"

सगळे हसले. मलाही हसू आलं, पण रणदिवे सर माझ्याकडे बघत होते, म्हणून मी तोंड आवरलं आणि शिस्तीत म्हटलं, "चला."

त्या दिवशी मी नायक होते. आमच्या तालुक्याच्या कॉलेजात रणदिवे सरांनी डोंगरातल्या नेतृत्वाचा एक अभ्यासक्रम सुरू केला होता. वर्षभर वर्गात नकाशा, होकायंत्र, दोरीच्या गाठी, प्रथमोपचार, आणि सप्टेंबरच्या शेवटी सह्याद्रीत मुक्काम. रोज एकाच्या गळ्यात लाल रुमाल पडायचा. तो ज्याच्या गळ्यात, तो त्या दिवसाचा नायक. वाट त्यानं ठरवायची, थांबे त्यानं ठरवायचे, सर फक्त मधे चालणार. मुलींना त्या वर्षी पहिल्यांदाच घेतलं होतं आणि सगळ्यात लांबच्या टप्प्याचा रुमाल माझ्या गळ्यात आला होता. रुमाल मानेला टोचत होता, पण मी तो अभिमानानं घातला होता.

सरांचे नियम थोडे होते, पण ते दगडावरच्या रेघेसारखे होते. प्रत्येक थांब्यावर मोजणी. नायकानं "एक" म्हणायचं, मग ज्यानं त्यानं आपापला आकडा द्यायचा, आणि शेवटचा आकडा कानावर पडल्याशिवाय नायकानं "चला" म्हणायचं नाही. आकाश कोसळलं तरी नाही.

"डोळ्यांनी मोजू नका," सर सांगायचे. "धुक्यात डोळे फसवतात. झाडाला माणूस समजाल आणि माणसाला झाड. कानांनी मोजा."

दिगंबर आणि पराग हे पिछाडीचे होते, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालणारी जोडी. परागचा आकडा पंधरा, दिगंबरचा सोळा. त्यांना मागे ठेवायचं मीच ठरवलं होतं, कारण दिगंबर पाप्याचं पितर दिसला तरी चिवट होता आणि पराग त्याला सोडून राहतच नसे. दिगंबर सकाळी वडिलांबरोबर डेअरीत दूध घालून मग कॉलेजात यायचा, त्यामुळे पहिल्या तासाला तो कधीच नसायचा. आणि तरी त्याची हजेरी पूर्ण असायची. पराग मागच्या बाकावर मान खाली घालून खर्जात "हजर" म्हणायचा. अख्ख्या वर्गाला माहीत होतं. आम्हाला त्याचं कौतुकच वाटायचं. मैत्री असावी तर अशी, असं मुली म्हणायच्या.

आता मी शाळेत शिकवते. हजेरी घेताना प्रत्येक पोराला उभं करते, तोंड बघते आणि मगच पुढचं नाव घेते. पोरं मला 'तोंडपाहणी बाई' म्हणतात. म्हणू देत. एका तासाच्या खोट्या हजेरीनं काही होत नाही हे मलाही ठाऊक आहे. म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो.

खिंडीत आम्ही पाणी प्यायलो तेव्हा दिगंबर माझ्याजवळ आला होता. सर पलीकडे नकाशा बघत होते. तो पाय मागे लपवल्यासारखा उभा होता.

"अनू, पुढचा थांबा कुठं?"

"टाक्यावर. का रे?"

"काय न्हाई. वाट कशीय?"

"सरळ नाही. सोंडेला मोठा वळसा घालून जाते. तू काय पाय लपवतोस?"

"छे, लपवतोय कुठं?" असं म्हणून तो हसला, पण पाय काही पुढे आला नाही.

त्याच्या कॅनव्हासच्या बुटाचा सोल आदल्या संध्याकाळीच सुटायला आला होता, हे मला नंतर कळलं. त्यानं तो सोल्युशन लावून चिकटवला होता आणि रात्रभर दगडाखाली दाबून ठेवला होता. सरांचं म्हणणं स्पष्ट होतं: ज्याचा बूट वाटेत फाटेल तो तिथूनच परत खाली जाईल, आणि ज्याचा मुक्काम पुरा नाही तो अभ्यासक्रमात नापास. पास होणाऱ्यांना सर मे महिन्यात हिमालयात नेणार होते. दिगंबर पास व्हायला धडपडत होता तो तेवढ्यासाठीच.

"बर्फ मी डेअरीत रोज बघतो," तो म्हणायचा. "पण तो मशिनीतला. मला आभाळातून पडलेला बघायचाय. हातावर घेऊन."

आम्ही त्याला चिडवायचो की हातावर घेतलास तर पाणीच होईल. तो म्हणायचा, "व्हऊ दे की. प्यायचं मग."

खिंडीतून निघालो तेव्हा धुकं दाट झालं होतं. गवत कमरेच्या वर आलेलं, त्यात सोनकीची पिवळी फुलं आणि खाली निसरडा कातळ. पाऊस बारीक पडत होता, ओहोळ भरून वाहत होते आणि त्यांच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नव्हतं. मी डोळ्यांत तेल घालून वाट बघत होते. चुकलो नाही. वळसा घालून, चढ चढून, नेमक्या टाक्यावर आलो. कातळात खोदलेलं ते पाण्याचं टाकं धुक्यात अचानक पुढ्यात आलं तेव्हा सर म्हणाले, "छान आणलंस, कडलग." त्यांनी कुणाला छान म्हटल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

मी थांबले. "एक!"

आकडे आले. "चौदा." मग "पंधरा". मग जरा वेळानं खर्जातला "सोळाऽ".

या खेपेला शेपटाची थट्टा आली नाही. दमला असेल, मला वाटलं. मी "चला" म्हटलं.

टाक्यापासून देवराईपर्यंत सपाट पठार होतं, एका बाजूला कडा. देवराईत जेवायचं होतं. भाकऱ्या आणि चटणीची पिशवी सोडण्याआधी मी नियमाप्रमाणे मोजणी घेतली. तेरा, चौदा, पंधरा.

मग काही आलं नाही.

झाडांवरून पाणी ठिबकत होतं. कुणीतरी हसत म्हणालं, "ए शेपूट, झोपलास का?" मी पुन्हा "एक" म्हटलं. पुन्हा पंधरापर्यंत आलो. सर उठून उभे राहिले.

"पराग, दिगंबर कुठे आहे?"

परागचा चेहरा पांढरा पडला होता. "आत्ता तर मागं होता, सर. बाजूला गेला असंल."

"कधी बघितलास शेवटचा?"

"हितंच. पठारावर."

आम्ही हाका मारल्या. शिट्ट्या वाजवल्या. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी होती, दिगंबरच्याही होती. तीन वेळा वाजवली की मदत हवी, हे पहिल्याच दिवशी शिकवलेलं. आम्ही वाजवत होतो आणि उत्तराची वाट बघत होतो. उत्तर येत नव्हतं. मग सरांच्या मनात तेच आलं जे आमच्या सगळ्यांच्या मनात आलं होतं, आणि त्यांनी कड्याकडे बघितलं.

"कडलग," ते म्हणाले, "टाक्यावर सोळा ऐकलंस?"

"ऐकलं, सर."

"नक्की?"

"माझ्या कानांनी ऐकलं. दिगंबरचाच आवाज."

"मग तो टाक्याच्या अलीकडेच आहे," सर म्हणाले. "टाकं ते देवराई. इथेच कुठेतरी."

असंच शोधायचं असतं. शेवटची पूर्ण मोजणी जिथे झाली तिथून पुढे. सरांनी वर्गात फळ्यावर काढून दाखवलं होतं आणि मी वहीत उतरवून घेतलं होतं. मागे वळून खिंडीकडे बघण्याचा विचार करायला आम्हाला कारणच नव्हतं.

सरांनी दोन मुलांना खाली वाडीवर पाठवलं, तेही देवराईच्या बाजूच्या जवळच्या वाटेनं. मग पठार आम्ही पायांनी विंचरलं. एकमेकांचे हात धरून, रांगेनं, गवत बाजूला सारत. सर कड्याच्या कडेला पालथे पडून खाली बघत होते. धुक्यात दिसणार काय? ते दगड सोडत होते आणि कान देत होते. वाडीवरची माणसं दोर घेऊन आली, त्यातला एकजण कंबरेला दोर बांधून कड्याच्या पहिल्या टप्प्यापर्यंत उतरला आणि रिकामा वर आला. त्याला वर ओढताना सरांच्या तळहातांची सालं निघाली. त्यांना ते कळलंही नाही.

पराग आमच्यातच होता. तो सगळ्यांपेक्षा जास्त ओरडत होता. "दिग्याऽ, ए दिग्याऽ!" त्याचा आवाज फुटून गेला होता. मी त्याला एकदा पाण्याची बाटली दिली, ती त्यानं हातात धरून ठेवली, प्यायला नाही.

उजेड उतरायला लागला तेव्हा तो माझ्याजवळ आला. गवतात मटकन खाली बसला.

"अनू, टाक्यावरचा सोळा माझा होता."

मला अर्थच लागला नाही. "तुझा पंधरा."

"पंधरा बी माझा. सोळा बी माझा."

मी त्याच्यासमोर खाली बसले.

"खिंडीतून निघालो न् त्याचा सोल निघाला. पुरता. मला म्हणला, सुतळीनं बांधतो, तू हो पुढं. मी म्हणलं थांबतो, तर म्हणला, दोघं बी मागं राहिलो तर मोजणीला गावू. सर हितनंच खाली धाडतील. तू माझा नंबर दे, मी येतोच पाठीमागनं." त्यानं नाक पुसलं. "रोजच देतो ना गं मी. रोज येतोच की तो."

"मग देवराईत का नाही सांगितलंस? अरे, दुपार गेली सगळी!"

"मला वाटलं येईल. आत्ता येईल, आत्ता येईल. आन् सांगितलं तर तो नापास व्हईल. मग लई उशीर झाला, मग तोंडच उघडंना."

मी त्याला मारलं नाही. मला मारावंसं वाटलं आणि हात उचललाच गेला नाही. मी सरांकडे धावत गेले आणि एका दमात सांगितलं. मला वाटलं ते ओरडतील. ते परागकडे गेलेसुद्धा नाहीत. त्यांनी फक्त वर आभाळाकडे बघितलं, उजेड किती उरलाय ते, आणि ते खिंडीच्या दिशेनं पळत सुटले. वाडीवरची माणसं त्यांच्यामागे. आम्हाला देवराईत बसवून ठेवलं.

त्या रात्रीबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. आम्ही बसून होतो. पाऊस पडत होता.

दिगंबर उजाडताना सापडला. खिंड आणि टाक्याच्या मधे वाट सोंडेला मोठा वळसा घालते, तो वळसा टाळायला तो सरळ गवतातून उतरला होता. आम्हाला गाठायची घाई, पायाला सुतळी गुंडाळलेला बूट, आणि गवताखाली शेवाळलेला कातळ. तो ओहोळात घसरत गेला होता. पाय मांडीत मोडला होता. मध्ये ती डोंगराची आडवी सोंड आणि पाण्याचा आवाज, त्यामुळे पलीकडे पठारावर आम्हाला काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. शिट्टी त्याच्या ओठांत होती. दात तिच्यावर घट्ट बसले होते.

वाडीवरच्या म्हाताऱ्या धर्माजींनी त्याच्या काखेत हात घातला आणि तो तसाच ठेवला.

"आत्ताच गेलंय लेकरू," ते सरांना म्हणाले. "अजून ऊब हाये. पहाटंपस्तोर व्हतं."

हे मी ऐकलं, कारण मी तिथे पोचले होते. देवराईत थांबायला सांगितलं होतं, पण लाल रुमाल माझ्या गळ्यात होता आणि मला थांबवणारं कुणी नव्हतं. सर ओहोळात पाण्यात बसले होते. त्यांनी दिगंबरच्या पायातला तो बूट सोडवायला घेतला. सुतळी भिजून आवळली होती, गाठ सुटत नव्हती. सर दातांनी सोडवायला लागले. कशासाठी ते मला कळलं नाही, त्यांनाही कळत नसावं. आम्हाला सगळ्या गाठी त्यांनीच शिकवल्या होत्या. ती गाठ काही केल्या सुटली नाही.

पोलीसपाटील आले, त्यांचं जे काम होतं ते झालं. मग आम्ही त्याला घोंगडी आणि दोन बांबूंवर घालून खाली आणला. पराग शेवटपर्यंत एका टोकाला होता, त्यानं खांदा बदलू दिला नाही.

वाडीच्या रस्त्यावर आमची कॉलेजची बस उभी होती. तिच्यामागे दुधाचा टेम्पो. रात्रीच कुणीतरी मोटरसायकलवरून निरोप नेला होता आणि दिगंबरचे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, मिळेल त्या गाडीनं म्हणजे रोजच्या दुधाच्या टेम्पोतून आले होते. कॅन अजून गाडीतच होते. ते एका बाजूला सरकवून मुलाला ठेवायला जागा केली. नानांनी स्वतःच्या खांद्यावरचा टॉवेल घडी करून त्याच्या डोक्याखाली दिला.

मग ते परागकडे वळले. पराग त्यांच्याच घरी जेवून मोठा झाल्यासारखा होता.

"पराग, तू व्हतास ना रं त्याच्याजवळ?"

परागचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं.

"असणारच तू," नाना म्हणाले. "तुला सोडून कवा राहिलाय तो." आणि त्यांनी परागच्या डोक्यावरून हात फिरवला. मी तिकडे बघू शकले नाही.

सर बसच्या दाराशी उभे होते. त्यांचा आवाज गेला होता. एका दिवसात ते म्हातारे झाले होते, आणि पुढे त्यांनी डोंगराचं नावसुद्धा काढलं नाही, पण ते नंतरचं. त्या वेळी त्यांनी सवयीनं, अगदी सवयीनंच, माझ्याकडे बघून म्हटलं, "कडलग, मोजणी घे."

ते बोलून गेले आणि आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर मीही सवयीनं "एक" म्हटलं होतं.

"दोन," मागून आलं. "तीन." सगळे खाली बघून आकडे देत होते. "तेरा." "चौदा."

"पंधरा," पराग म्हणाला.

कुणी बसमध्ये चढलं नाही. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं आणि परत बंद केलं. मी तोंड उघडलं आणि मला "चला" म्हणता येईना. मूर्खपणा होता. सगळे होते तेवढे तिथेच होते, आणखी कुणी यायचं नव्हतं, आणि तरी मला तो शब्द म्हणता येईना. पराग ओठ घट्ट मिटून उभा होता, जणू ते उघडले तर काय बाहेर पडेल याची त्याला भीती वाटत होती.

नाना टेम्पोच्या फळीवर हात ठेवून बघत होते. "का थांबलात रं पोरांनो? घराकडं आया वाट बघत असतील."

शेवटी मीच म्हटलं, "नाना, सोळा यायचाय. शेवटचा आकडा आल्याशिवाय निघायचं नसतं."

"कुणाचा हाय सोळा?"

मी टेम्पोकडे बघितलं.

नानांनीही वळून टेम्पोत बघितलं. मग त्यांनी फळीवरचा हात काढला, पाठ सरळ केली, आणि शाळेतल्या पोरासारखे ताठ उभे राहून, मुलासारख्याच खर्जातल्या आवाजात म्हणाले, "सोळा."

तो आवाज हुबेहूब दिगंबरचा होता. टाक्यावर मी ऐकलेल्यापेक्षाही जास्त.

मी गळ्यातला रुमाल घट्ट धरला आणि "चला" म्हटलं.